गावाच्या नावावर आलेला पैसा: सीमाभागातल्या नवख्यांसाठी अनुदानाचा माग काढायची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी गावांत एक गोष्ट सर्रास दिसते. पंचायतीच्या फलकावर निधीचा तक्ता लावलेला असतो, तो कन्नडमध्ये असतो, आणि आपली माणसं त्याच्यापुढून न थांबता निघून जातात. मग गटार कुठल्या निधीतून झालं, शाळेच्या खोलीला किती मंजूर झाले, पुरात पडलेल्या घराचे पैसे कुणाला मिळाले आणि कुणाला नाही, हे सगळं कट्ट्यावर अंदाजानं बोललं जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. १९५६ पासून भाषेच्या हक्कासाठी झगडणारी ही माणसं हिशेब मागायचा हक्क मात्र न वापरताच सोडून देतात. तो हक्क कन्नड बोलणाऱ्याला जेवढा आहे तेवढाच आपल्याला आहे, आणि तो बजावायला कन्नड अस्खलित यावंच लागतं असं नाही.

ज्यांनी आजवर सरकारी कचेरीतून एकही कागद मागितलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते डोक्यात ठेवा

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. बहुतेकांना त्यातलं अर्ज करणं तेवढं ठाऊक असतं. पण त्याचं कलम ४ अर्जाच्या आधीचं आहे. प्रत्येक सरकारी कार्यालयाने १७ प्रकारची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची, असं हे कलम सांगतं. त्यात कार्यालयाला मिळालेला निधी, त्याचं वाटप, अनुदान योजना कशा राबवल्या जातात, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे सगळं येतं. म्हणजे हिशेब उघडा ठेवणं हे पंचायतीचं कर्तव्यच आहे. कचेरीत पाऊल टाकताना हे लक्षात ठेवलं की आवाज आपोआप सरळ होतो, विनवणीचा राहत नाही.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. माहिती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात लोकांपर्यंत पोचायचा परिणामकारक मार्ग विचारात घ्यावा, असं कलम ४(४) म्हणतं. मराठी वस्तीच्या गावात निधीचा तक्ता मराठीतही लावा, असं निवेदन ग्रामसभेत देताना या तरतुदीचा आधार घ्या. आणि असं निवेदन मराठीत लिहिता येतं. कोणत्याही गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. निवेदनात हा अनुच्छेद एका ओळीत नमूद करा.

माहितीच्या अर्जाला मात्र भाषेचा नियम वेगळा आहे. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण नवखा माणूस नेमका तिथंच अडतो.

पैसा कुणाचा, हे ओळखा

समोर रस्ता दिसतो, म्हणून आपण थेट पंचायतीत जातो आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, सांगतात, "हे काम आमचं नाही." बऱ्याच वेळा ते खरं असतं. म्हणून काम कोणत्या खिशातून झालं ते आधी शोधायचं.

पंचायतीला केंद्राकडून येणारा महत्त्वाचा पैसा म्हणजे वित्त आयोगाचं अनुदान. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत ते १५व्या वित्त आयोगाचं होतं आणि त्याला दोन कप्पे होते. ६० टक्के रक्कम बांधील, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता याच कामांसाठी. उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची, पण पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी नाही. या एवढ्या माहितीवर तुम्ही ग्रामसभेत सरळ विचारू शकता, की पाण्याच्या कप्प्यातले किती आले आणि कुठल्या गल्लीत खर्च झाले. हा प्रश्न ऐकला की समोरच्याला कळतं, हा माणूस वाचून आला आहे.

आमदार निधी कर्नाटकात वर्षाला २ कोटी आहे, खासदार निधी ५ कोटी. या दोन्हींच्या कामांची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयातून फिरते. काम प्रत्यक्षात करणारी यंत्रणा पंचायतराज अभियांत्रिकी विभाग असू शकते, निर्मिती केंद्र असू शकतं, किंवा जुनी माणसं अजून ज्याला लँड आर्मी म्हणतात ते केआरआयडीएल, म्हणजे राज्याचं ग्रामीण पायाभूत सुविधा विकास महामंडळ. खासदार निधीच्या कामावर निधीचं नाव सांगणारी पाटी लावणं बंधनकारक आहे, तेव्हा पाटीचा फोटो काढून ठेवा.

बेळगाव शहरात राहत असाल तर महानगरपालिका वेगळी, स्मार्ट सिटीची कंपनी वेगळी. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांत बेळगाव होतं, त्या निधीतली कामं या कंपनीकडे विचारायची. कँटोन्मेंट बोर्ड केंद्राच्या अखत्यारीत येतं, तिथला माहितीचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून करता येतो.

घरबसल्या काय दिसतं

मोबाइलवर ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, मग आपली ग्रामपंचायत निवडायची. तिथं त्या वर्षाचा मंजूर विकास आराखडा दिसतो, आणि वित्त आयोगाच्या पैशाच्या जमा-खर्चाच्या नोंदी. आराखड्यात काम आहे पण खर्चात नाही, किंवा खर्चात आहे पण गावात कुठंच नाही, अशा जोड्या लावत बसायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या सगळ्याचा पाया हाच. पडद्यावर दिसलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

कर्नाटक सरकारचं माहिती कणज नावाचं पोर्टल आहे. वेगवेगळ्या खात्यांची माहिती लोकांनी न मागता एका जागी मिळावी, म्हणूनच ते काढलं. घरकुलांसाठी राजीव गांधी गृहनिर्माण महामंडळाचं संकेतस्थळ आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या काठची घरं पडली, आणि पूर्ण पडलेल्या घराला राज्याने ५ लाख जाहीर केले होते. निपाणी-चिकोडीकडच्या ज्या कुटुंबांचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे, त्यांनी आपलं घर कुठल्या श्रेणीत घातलं गेलं आणि त्याचा पंचनामा कुणी केला, हा कागद तहसीलदार कचेरीतून मागावा. नुकसान किती ठरलं ते त्या पंचनाम्यावर उभं असतं, नुसत्या यादीत नाव शोधून फार हाती लागत नाही.

मोठ्या कामांच्या निविदा राज्याच्या खरेदी पोर्टलवर असतात. १९९९ च्या कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याखाली त्या निघतात.

फलकावरचं आणि फायलीतलं कन्नड वाचताना मोजके शब्द ओळखता आले तरी पुष्कळ भागतं. अनुदान आणि जमा हे शब्द आपलेच. क्रिया योजने म्हणजे कृती आराखडा. कामगारी म्हणजे बांधकामाचं काम. अंदाजु पट्टी म्हणजे अंदाजपत्रक, अळते पुस्तक म्हणजे मोजमापाची वही, वेच्च म्हणजे खर्च, गुत्तिगेदार म्हणजे कंत्राटदार, फलानुभवी म्हणजे लाभार्थी, नडवळी म्हणजे सभेचं इतिवृत्त. हे शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारी अॅपं छापील तक्त्याला बऱ्यापैकी चालतात, हाताने लिहिलेल्या नोंदीला नाही.

जमाबंदी चुकवू नका

कर्नाटकात असूनही आपल्यातल्या फार थोड्यांना ही गोष्ट माहीत असते. दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात प्रत्येक ग्रामपंचायतीत जमाबंदी होते. मागच्या आर्थिक वर्षाचा जमाखर्च अधिकाऱ्यांसमोर आणि लोकांसमोर मांडायचा, वह्या दाखवायच्या, आणि झालेली कामं जागेवर जाऊन पाहायची, अशी तिची रीत. अर्ज नाही, फी नाही, थांबायचं नाही. वह्या उघड्या असतात आणि बघायला गाव मोकळं असतं.

मुश्किल अशी, की नोटीस निघते, ती कन्नडमध्ये असते, आणि त्या दिवशी पंचायतीत सदस्य नि शिपाई सोडून कुणी नसतं. मग तासाभरात सह्या होऊन सभा संपते. जुलै संपत आला की पीडीओंना तारीख विचारा आणि ती गावातल्या मंडळांच्या, महिला बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत टाका. पाच-दहा जण गेले तरी सभेचा नूर पालटतो. तुम्ही घेतलेली हरकत इतिवृत्तात लिहिली गेली का, ते सही करायच्या आधी वाचून घ्या, किंवा कन्नड वाचणाऱ्याकडून वाचवून घ्या. तोंडी बोललेलं हवेत जातं.

ग्रामसभा दर सहा महिन्यांत किमान एकदा व्हायला हवी, आणि तिच्याआधी वॉर्डसभा. लाभार्थी निवड तिथंच मंजूर होते. तिथं नुसतं हजर असणंही उपयोगाचं.

टेप घेऊन जागेवर जा

आता एक काम जवळून बघू. समजा गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. अंदाजपत्रकात लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर धरली आहे. म्हणजे काँक्रीट ४५ घनमीटर. मोजमापाच्या वहीत कनिष्ठ अभियंत्याने काम झाल्यावर प्रत्यक्ष मापं लिहायची असतात आणि बिल त्या मापांवरच निघतं. मंजुरीचा आदेश नुसता इरादा सांगतो, व्हाउचर नुसती रक्कम सांगतं. प्रत्यक्ष जमिनीवर काय झालं याची सरकारी नोंद या एकाच वहीत असते, म्हणून मी नवख्यांना नेहमी सांगतो, एकच कागद मिळणार असेल तर मोजमापाची वही मागा.

मग तीस मीटरची टेप घ्यायची आणि दोघांनी जाऊन लांबी मोजायची. रुंदी तीन-चार ठिकाणी मोजा, कारण गल्ली अरुंद झाली की रस्ताही आकसतो आणि वहीत मात्र सरसकट तीनच मीटर लिहिलेलं असतं. जाडी रस्त्याच्या उघड्या कडेला दिसते, तिथं पट्टी लावून फोटो काढा. जाडी १५ ऐवजी १० भरली तर काँक्रीट ४५ ऐवजी ३० घनमीटर. एक तृतीयांश रस्ता कागदावरच राहिला. हा हिशेब सहावीच्या मुलालाही कळतो, आणि ग्रामसभेत तो भाषणापेक्षा जास्त बोलतो.

माहिती अधिकाराखाली कामाची पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागणंही तुमच्या हक्कात आहे. नमुन्यापर्यंत क्वचितच जावं लागतं.

अर्ज: भाषा, फी आणि शब्द

कायद्याच्या कलम ६ प्रमाणे माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा जिथं अर्ज करतो त्या भागाच्या राजभाषेत करायचा. कर्नाटकातल्या कार्यालयात ती राजभाषा कन्नड. मराठीत दिलेला अर्ज कुणी प्रेमाने घेतला तर उत्तम, पण परत आला तर पहिल्याच पायरीवर महिना जातो. माझा आग्रह आहे की अर्ज कन्नडमध्ये द्या. यात कुणापुढे नमतं घेणं नाही. भाषेचा लढा आपल्या जागी राहू दे, हिशेबाचा कागद आज हातात आला पाहिजे. मराठी शाळेतली आपली पोरं कन्नड शिकतातच, त्यांच्याकडून लिहून घ्या, पोरांनाही हे काम कळेल. नाहीतर देवनागरी येणाऱ्याला हिंदी अर्ज कधीही खुला आहे, आणि कायदा तो नाकारू देत नाही. ज्याला लिहिताच येत नाही त्याने तोंडी सांगावं, तो अर्ज लिहून द्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

कर्नाटकाचा एक खास नियम असा, की एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा रोख भरून पावती घेऊन. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, कार्डाची प्रत जोडायची. प्रतीला पानामागे २ रुपये. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज जातो.

माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही. कुणी विचारलं तरी सांगू नका.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. "रस्ता निकृष्ट का झाला?" याला उत्तर मिळत नाही, कारण "का" हा कागद नाही. मसुदा असा बनवा आणि मग त्याचं कन्नड करा:

"प्रति, माहिती अधिकारी तथा पीडीओ, ग्रामपंचायत (गावाचं नाव).
विषय: सन २०२३-२४ मध्ये (गल्लीचं नाव) येथे झालेल्या सिमेंट रस्त्याचे कागद.
या कामाचे पुढील कागद साक्षांकित प्रतींत द्यावेत: प्रशासकीय मंजुरीचा आदेश, अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमापाच्या वहीतली संबंधित पानं, बिल आणि पेमेंट व्हाउचर, काम पूर्ण झाल्याचा दाखला व फोटो.
हे काम दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज तिकडे पाठवावा."

शेवटची ओळ गाळू नका. काम कुणाचं हे ओळखण्यात गल्लत झाली तरी पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायची जबाबदारी त्यांची ठरते. अर्ज हातोहात दिलात तर शिक्क्यासह पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्ट करा. गाव लहान असतं, अर्ज कुणी दिला ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि कंत्राटदार कधी आपलाच भाऊबंद निघतो. त्यामुळे एकट्याने सगळे अर्ज करू नका. तीन-चार जणांनी वेगवेगळ्या कामांचे अर्ज आपापल्या नावाने करावेत, म्हणजे रोख एकाच घरावर येत नाही.

शाळा, संस्था, सोसायट्या

अनुदान फक्त पंचायतीला मिळत नाही. अनुदानित हायस्कुलं, वाचनालयं, सांस्कृतिक मंडळं, सगळ्यांना कुठून ना कुठून पैसा येतो. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी बिगरसरकारी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात हे स्पष्ट केलं. सहकारी सोसायटीचं मात्र तसं नाही. २०१३ च्या थलप्पलम निकालाप्रमाणे, सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणात नसेल तर सोसायटीला थेट अर्ज चालत नाही. आपल्या पीकेपीएससारख्या, म्हणजे गावच्या प्राथमिक कृषी पत सहकारी संघासारख्या, सोसायटीबद्दल विचारायचं तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं, त्यांना कायद्याने मिळवता येणारी माहिती ते देऊ शकतात.

संस्थेकडून मागायचा कळीचा कागद एकच: उपयोगिता प्रमाणपत्र. अनुदान घेणाऱ्याने ते कशावर खर्च केलं हे अनुदान देणाऱ्या खात्याला लिहून द्यायचं असतं. संस्था देत नसेल तर त्याची प्रत खात्यातही असते, तिथून मागा. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या संस्थेची नोंद नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर पाहता येते.

आणि महाराष्ट्राकडून सीमाभागासाठी येणारा पैसा? त्याचाही हिशेब मागता येतो, आणि तो मराठीत. माहिती अधिकार भारताच्या कुठल्याही नागरिकाला कुठल्याही राज्यातल्या कार्यालयाकडे वापरता येतो, आणि महाराष्ट्राच्या कार्यालयाची राजभाषा मराठी आहे. ८६५ गावांसाठी जाहीर झालेली आरोग्य योजना असो किंवा एखाद्या संस्थेला दिलेला निधी, मंत्रालयातल्या संबंधित विभागाला बेळगावात बसून महाराष्ट्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करा. आपल्या नावाने मुंबईत तरतूद झाली आणि ती सीमेपलीकडे पोचली किंवा नाही, हे विचारायला आपण कचरू नये. आपल्याच संस्थांना विचारायलाही नाही. मराठीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचा ताळेबंद स्वच्छ आणि उघडा असेल तर तिच्यामागे माणसं जास्त विश्वासाने उभी राहतात.

नकार आला तर

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. त्यानंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. पंचायतीच्या बाबतीत ते साधारणपणे तालुका पंचायतीच्या ईओंकडे, म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, जातं, निकाल ३० दिवसांत, फार तर ४५.

लाभार्थ्यांची माहिती मागितली की "वैयक्तिक आहे" असं उत्तर हल्ली जास्त येतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं, आणि त्याचा आधार घेतला जातो. अपिलात दोन मुद्दे लिहा. अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांचा तपशील कलम ४ प्रमाणे स्वतःहून जाहीर करायचा आहे, आणि कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते. आधार क्रमांक, बँक खातं, आजारपण असलं काही मुळातच मागू नका. नाव, योजना, रक्कम, तारीख एवढं पुरे. गरीब माणसाची खाजगी बाब उघडी पाडायला हा कायदा नाही.

पहिल्या अपिलानेही भागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील कर्नाटक माहिती आयोगाकडे. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाकडे तारीख लागायला वेळ जातो, म्हणून तोवर त्याच कामाबद्दल जमाबंदीत तोंडी विचारणं चालू ठेवा. सुनावणीला जाताना मूळ अर्ज, पोच, पोस्टाची पावती, पहिल्या अपिलाचा निकाल हे तारखेच्या क्रमाने लावून न्या, आणि मागितलेल्या कागदांपैकी नेमका कोणता मिळाला नाही ते कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत एका पानावर लिहून आयुक्तांच्या हातात द्या.